राधानगरीच्या जंगलाकडेला तंबूत एक रात्र : आबांना घेऊन गेलेलो, त्याचा रिव्ह्यू

बुकिंगला फोन केला तर पलीकडनं पहिलंच वाक्य आलं, "ताई, आमच्यात साउंड नसतोय, साडेनऊला सगळ्या लाईटी बंद करतो, चालणार असलं तरच पैसे पाठवा." मी त्याच मिनिटाला ॲडव्हान्स पाठवला. कारण गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी, त्यांच्या बोर्डावर पण जंगल कॅम्प असंच होतं, पाण्याच्या कडेला चाळीसेक तंबू एकाला एक चिकटून आणि रात्री दीडपर्यंत गाणी लावलेली, शेवटी पोरीला घेऊन आम्ही गाडीत काचा वर करून झोपलो. तेव्हापासून डोक्यात पक्कं होतं, परत गेलो तर जिथं रात्री जंगलाचा आवाज ऐकू येतो तिथंच जायचं, नाहीतर घराची गच्ची काय वाईट.

आधीच सांगते, कॅम्पचं नाव इथं टाकत नाही. काही कमी-जास्त पण लिहिणार आहे आणि ते मी कॅम्पवाल्या मामांना तोंडावर सांगून आले, त्यांनी ऐकून पण घेतलं. नावापेक्षा असा कॅम्प ओळखायचा कसा हे कळलं तर जास्त उपयोग.

ठिकाण म्हणजे राधानगरीच्या पुढं, दाजीपूरच्या वाटेवर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर मामांच्या मालकीच्या रानात. हे महत्त्वाचं आहे, कारण लोकं विचारतात अभयारण्यात तंबू लावता येतो का, तर नाही, परवानगीशिवाय आत मुक्काम नाही आणि आत जाळ करायला तर वन्यजीव कायद्यानंच बंदी आहे, तो कायदा १९७२ चा आहे. कोण आत शेकोटी करून देतो म्हणत असेल तर त्याच्याकडं जाऊच नका. आपलं हे अभयारण्य राज्यातलं पहिलं, १९५८ चं, गव्यांसाठी केलेलं, नंतर वाढवत साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं आणि २०१२ ला पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत पण आलं. कोल्हापूरपासून दाजीपूर साधारण ८० किलोमीटर, पण कोल्हापुरातले किती जण आत गेलेत विचारा, आपण गोव्याला जाताना फोंडा घाटातनं तसंच पुढं निघून जातो.

आम्ही पाच जण होतो, मी, आमचे हे, नऊ वर्षांची पोरगी, माझा भाऊ आणि आबा. आबा एकाहत्तरचे, एस.टी.त कंडक्टर होते, फोंडा घाटातनं कोकणात जाणाऱ्या गाड्यांवर त्यांची बरीच वर्षं गेली. पहाटेच्या गाडीला दाजीपूरच्या पुढं रस्त्यात गव्यांचा कळप आडवा उभा असायचा आणि ड्रायव्हर लाईट बारीक करून गाडी तशीच थांबवायचा, हॉर्न वाजवायचा नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या जंगलात त्यांनी कधी रात्र काढलेली नव्हती, गाडी थांबायचीच नाही ना. गुडघा दुखतो म्हणून नको नको म्हणत होते, मग पोरगी म्हणाली "मी पण येतो की आबा" (कोल्हापूरची पोरगी आहे, येते म्हणणार नाही), मग तयार झाले.

जानेवारीच्या शेवटी गेलो, अमावस्या जवळ बघून, चांदणं नको होतं. पुईखडी, हळदी, भोगावती कारखाना, सगळीकडं ऊसाचे ट्रॅक्टर म्हणून निवांतच गेलो. राधानगरीत चहा घेतला आणि धरणाकडं जरा थांबलो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, सात दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, पावसाळ्यात आपण कोल्हापुरात बसून ज्यांची बातमी ऐकतो आणि पंचगंगेकडं बघायला पळतो ते हेच, पोरीला ते दाखवायचं होतं. तिथनं पुढं झाडी दाट होत जाते आणि मोबाईलची रेंज संपते, घरी आधीच सांगून ठेवा.

कॅम्पवर सहाच तंबू. एवढंच बघून मला बरं वाटलं. दोन तंबूंच्यात चांगलं वीस-पंचवीस पावलांचं अंतर, मधे जांभूळ आणि अंजनीची झाडं, म्हणजे शेजारचा घोरला तरी आपल्याला ऐकायला येत नाही. वाळक्या फांदीखाली एक पण तंबू नव्हता, भावानं विचारलं तर मामा म्हणाले वाऱ्यानं फांदी पडली तर काय करायचं, म्हणून दर दसऱ्याला झाडं बघून मग जागा ठरवतो. शेकोटी जमिनीवर नाही, लोखंडी घमेल्यात तीन दगडांवर, लाकूड त्यांच्याच बांधावरच्या छाटणीचं, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून राख हातानं चाचपून बघितली त्यांनी. मी बऱ्याच ठिकाणी शेकोट्या बघितल्यात, राख हात घालून बघणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

जेवण मावशींच्या हातचं, चुलीवरचं. नाचणीची भाकरी, वरण्याची आमटी, खर्डा, आजऱ्याचा घनसाळ भात, आणि आधी सांगितलं तर गावठी कोंबड्याचा रस्सा. आल्या आल्या हुलग्याचं माडगं दिलं गरम गरम, आबांनी दोन वाट्या घेतल्या. तेल-तिखट घरच्यासारखं, हॉटेलसारखा लाल तवंग नाही. जेवणाला पैकीच्या पैकी, यावर जास्त काय लिहीत नाही.

आता तंबू. तीन माणसांचा म्हणून जो तंबू येतो त्यात दोन मोठी माणसं आणि बॅगा एवढंच बसतं, हे कुठं पण लक्षात ठेवा, तिघं झोपलात तर कूस बदलायला एकमेकांना विचारायला लागतं. इथले तंबू दोन थरांचे, आत जाळीचा आणि वरनं पावसाचं कव्हर, चांगले होते. सकाळी आमच्या तंबूच्या कव्हरला आतनं पाणी सुटलेलं, यांना वाटलं तंबू गळतोय. तसं नसतं, रात्रभर आपल्या श्वासातनं जी वाफ निघते ती गार कापडाला लागून तिथंच पाणी होते, वरनं दव पडतंय ते वेगळंच. वरच्या दोन बारक्या खिडक्या थंडी वाजते म्हणून आम्ही रात्री बंद केलेल्या, तीच चूक झाली. भावानं उघड्या ठेवल्या तर त्याचा तंबू जवळपास कोरडा. आणि कव्हर दोऱ्यांनी ताणून बांधलेलं पाहिजे, आतल्या कापडाला चिकटलं की अंथरूण ओलं झालंच. आबांच्या तंबूची चेन मात्र खालच्या बाजूला अडकत होती, वीतभर उघडीच राहायची. जंगलात ही गोष्ट चालणार नाही, त्या भागात घोणस, फुरसं, चापडा असले विषारी साप सगळे आहेत, रात्री चेन पूर्ण लागलीच पाहिजे आणि बूट आत घेऊन झोपायचं. मामांना सांगितल्यावर लगेच दुसरा तंबू दिला पण आम्ही यायच्या आधी तपासायला पाहिजे होता.

आणि खरी तक्रार अंथरुणाची. स्लीपिंग बॅग ठीक होत्या, धुतलेल्या होत्या, पण खालचं मॅट इतकं पातळ की बोटानं दाबलं तर जमीन लागायची. थंडी वरनं जेवढी वाजते त्याच्यापेक्षा खालनं जास्त वाजते, कारण अंगाखाली बॅग दबून जाते आणि तिच्यात हवा उरत नाही, मग अंगातली ऊब सरळ जमिनीत जाते. दहापर्यंत कळलं नाही, अकराला आबा उठून बसले. गुडघा आखडलेला. मला फार वाईट वाटलं, एवढ्या हौसेनं आणलं आणि त्यांना झोप नाही. मामांना उठवलं, त्यांनी गादी आणतो घरातनं म्हटलं तर आबाच म्हणाले, "गादी नको, दवानं ओली हुतीया. पिंजर हाय का?"

मामा खळ्यावर गेले आणि भाताच्या पिंजराचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या वाळक्या काडाचे, दोन मोठे भारे खांद्यावर टाकून आले. मग आबांनी स्वतः बसून ते अंथरलं. मी बॅटरी धरून बघत होते. नुसतं पसरलं नाही, पहिल्यांदा काड्या एका दिशेनं, मग आडव्या, डोक्याकडं जरा जास्त, कमरेच्या जागी हातानं दाबून थोडा खड्डा, मग वरनं ताडपत्री, तंबू उचलून त्याच्यावर, आणि आत घरनं आणलेलं काळं घोंगडं. पोरगी जागीच होती, ती विचारतीय हे कुणी शिकवलं, तर म्हणाले मुक्कामाच्या गाडीला गावात कोणतरी खळ्यावर झोपायला द्यायचं, तिथं शिकलो. पिंजराच्या काड्या पोकळ असतात, त्यात आणि मधल्या फटीत हवा अडकून बसते म्हणून ऊब टिकते. मग मामांनी न सांगता आमच्या बाकीच्या तंबूंखाली पण घातलं, रात्री बारा वाजता, एक शब्द न बोलता. मी त्यांना म्हटलं मामा तुमच्याकडं घरचं एवढं चांगलं असताना ही मॅटं कशाला विकत घेतली, तर म्हणाले पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पिंजर बघून नाक मुरडतंय, किडे असतात म्हणतंय. उन्हात वाळवून झाडलेलं असलं तर काय होत नाही, आम्ही पाच जण झोपलो की.

मला वाटतं हे नीट लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. आपल्याकडची लोकं जंगलाजवळ कॅम्प काढतात तेव्हा बाहेरचं बघून बघून सगळं विकत आणतात आणि स्वतःच्या खळ्यावरचं लपवून ठेवतात. घोंगडं ओलं झालं तरी ऊब देतं, लोकरीचा गुण आहे तो, राधानगरीच्या डोंगरातले धनगर भर पावसात त्याच्यावरच राहत आलेत. असं घोंगडं आणि पिंजर असलेला तंबू मी तरी जास्त पैसे देऊन घेईन.

रात्र. साडेनऊला खरंच सगळं बंद झालं, संडासाच्या वाटेवर जमिनीलगत दोन बारके कंदील तेवढे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणी मोबाईल पेटवला की परत पहिल्यापासून सुरुवात, म्हणून मामा सगळ्यांचे मोबाईल खिशात ठेवायला लावतात. दहाच्या सुमाराला मृग बरोबर डोक्यावर, त्याच्या खाली व्याध, आणि दक्षिणेला झाडांच्या शेंड्यांवर अगस्ती. कोल्हापुरातनं मला कधी अगस्ती दिसलेला नाही, रंकाळ्यावरनं तर नाहीच. रातवा पक्षी ओरडत होता एका सुरात, मधे एकदा भेकर (बारकं हरीण) भुंकल्यासारखं ओरडलं, पोरीला कुत्रंच वाटलं.

पावणेतीनला आबांना उठायचं होतं म्हणून मी पण उठले. चेन उघडून बाहेर पाय टाकला तर मामा राखणीच्या माळ्यावरनं खाली उतरून आमच्याकडंच येत होते, हलक्या आवाजात म्हणाले, "हलू नका. बॅटरी बंद करा. खालच्या ऊसाकडं गवं आलंयत." आम्ही तिथंच उभं राहिलो. दिसत काहीच नव्हतं, एक काळोख आणि त्याच्यापेक्षा काळं झाडांचं काहीतरी. पण ऐकू येत होतं. ऊस मोडल्याचा आवाज, कडाक करून, मग चावल्याचा, मग जोरात फुरफुर करून सोडलेला श्वास, इतका जवळ वाटला की माझ्या मानेवर काटा आला, मामा म्हणाले चांगले शंभर पावलांवर आहेत. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, ते एवढं जनावर एवढ्या शांतपणे ऊस खात उभं आहे आणि आपण ऐकतोय. आबांनी माझा हात धरलेला. दहा मिनिटं झाली असतील, नंतर एक शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि सगळं खसखस करत वर जंगलात गेलं. मग आबा बोलले, "गाडीत इंजिनचा आवाज असायचा गं. त्येंचा श्वास कधी ऐकला नव्हता."

मामांचा ऊस गेला थोडा. मी विचारलं ओरडून हाकलत का नाही, तर म्हणाले कॅम्प असेल त्या रात्री हाकलत नाही, बिथरलं तर तंबूकडं येईल. मला २०२० च्या डिसेंबरातला पुण्याचा गवा आठवला, कोथरूडमध्ये शिरलेला, लोकं मागं पळाली, व्हिडिओ काढले आणि शेवटी तो मेला. शांत राहायचा नियम माणसांच्या झोपेसाठी आहे असं मला आधी वाटायचं, तसं नाही ते. त्या रात्री पाण्याच्या पलीकडं कुठंतरी दुसऱ्या कॅम्पचा स्पीकर अकरापर्यंत ऐकू येत होता, आणि तो बंद झाल्यावर मगच इकडं भेकराचा आवाज आला, हे मी स्वतः ऐकलं. ज्यांच्या त्यांच्या जमिनीवर ज्यांचं त्यांचं चालतं म्हणून सोडून देऊ नका, तुम्ही गिऱ्हाईक आहात, बुकिंगच्या वेळी विचारा आणि साउंड असेल तर नको म्हणून सांगा, पैशाची भाषा सगळ्यांना कळते.

सकाळी कॅम्पवाल्यांनीच अभयारण्याच्या गेटवर नेलं, परवानगी काढून स्थानिक गाडी आणि गाईड घेऊन आत. रस्ता लाल मातीचा, खड्ड्यांचा, पाठदुखीवाल्यांनी विचार करून बसा. गवा आत दिसला नाही, शेण आणि खूर दिसले. रानकोंबडा ऐकला, शेकरू दोनदा दिसलं, त्याचं शेंड्यावरचं पानांचं घरटं गाईडनं दाखवलं, पोरीच्या पुस्तकात राज्यप्राणी म्हणून चित्र आहे त्याचं, ती तिथनं हलायलाच तयार नव्हती. सावराईच्या सड्यावर उन्हात बसलो, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, जानेवारीत वाळलेलं गवत नुसतं. बाजूला कारवीच्या झुडपांची रांग होती, सात वर्षांनी एकदा फुलते ती. आबा गाडीतच बसले, पण दार उघडं ठेवून, चपला काढून.

संडास दोन, स्वच्छ, पाणी भरपूर, पण दोन्ही भारतीय पद्धतीचे. गुडघेदुखीवाल्या माणसासाठी एक कमोड किंवा निदान भिंतीला धरायला दांडा पाहिजे, हे मी ठासून सांगून आलेय. बायकांच्या दृष्टीनं आतनं कडी नीट लागते, वाटेवर कंदील असतो, रात्री मावशी स्वतः कॅम्पवर झोपतात, मला एकदा पण अवघडल्यासारखं झालं नाही. आंघोळीला बंबाचं गरम पाणी. पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं. प्रथमोपचाराची पेटी होती, त्यातल्या दोन गोळ्यांची तारीख संपलेली, ती बदला म्हणून सांगितलं. गाडी कायम बाहेरच्या दिशेला तोंड करून लावायला लावतात, रात्री कुणाला काय झालं तर सरळ राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात.

पैसे माणशी १४००, त्यात संध्याकाळचा चहा, माडगं, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे. पोरीचे निम्मे. अभयारण्याची गाडी-गाईड वेगळे. कोंबडा घेतला तर त्याचे वेगळे, आधी सांगतात, नंतर बिलात घुसडत नाहीत. मॅटबद्दल मी बोलल्यावर मामा दोनशे रुपये परत देत होते, घेतले नाहीत.

कुणी जावं? आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी जरूर जावं, फक्त कमोडचं आधी विचारून. पोरांना घेऊन तर जावंच. बर्थडे पार्टी, रात्रभर पत्ते, दारू असलं काही डोक्यात असेल तर हे ठिकाण तुमचं नाही, मामा दारात उभं करत नाहीत. घोंगडं किंवा जाड सोलापुरी चादर, कानटोपी, पायमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा, शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून माकडतापानं माणसं गेलीत आणि तो गोचिडामार्फतच पसरतो, घरी आल्यावर आंघोळ करताना मांड्या, काखा, कानामागं बघून घ्या. बॅटरी लाल कागद लावून न्या, डोळ्याला त्रास कमी होतो. प्लास्टिकच्या पिशव्या परत आणायला लागतात, जाताना मोजून घेतात म्हणून आधीच कमी न्या.

आम्ही मेच्या शेवटी काजव्यांसाठी परत जातोय, वळीव पडून गेला की राधानगरी भागात झाडंच्या झाडं लखलखतात. तेव्हा गर्दी फार होते, गाड्यांच्या लाईटी झाडांवर मारतात लोकं, म्हणून मी मामांना विचारलं तुम्ही तेव्हा तंबू वाढवणार का, तर म्हणाले सहाच. तुम्ही जाणार असाल तर फोनवरच सांगा की पिंजर संध्याकाळीच घालून ठेवा, म्हणजे रात्री अकराला त्यांना खळ्यावर जायला लागणार नाही.